तुलना-रीळ : भयपटांतलं रक्त आणि त्याचं रिस्टोरेशन (प्रकल्प नोंदी, २०२५)

५ जुलै

आमच्या फिल्म क्लबच्या बैठकीत विषय पक्का झाला. गणपतीआधीच्या शनिवारी, २३ ऑगस्टला, दीड तासाचं सत्र, त्यात तुलनेच्या क्लिप्सचं एक रीळ. कल्ट भयपटांतले रक्तबंबाळ प्रसंग, ते कसे कापले गेले, आणि घरी बघायच्या डिस्कवर परत आले ते कोणत्या अवस्थेत. मी दिवसभर जुन्या फिल्मच्या फ्रेम्स साफ करायचंच काम करतो, त्यामुळे 'हे तुझ्याकडे' म्हणून सगळे मोकळे झाले.

एक गोष्ट आजच ठरवून टाकतो, नाहीतर भरकटायला वेळ लागणार नाही. कोणता प्रसंग जास्त किळसवाणा याची स्पर्धा लावायची नाही. प्रत्येक क्लिपला एकच प्रश्न विचारायचा: ही फ्रेम आज आपण बघतो ती कुणाच्या साक्षीवर? कॅमेऱ्यातून निघालेल्या निगेटिव्हच्या, थिएटरात फिरलेल्या प्रिंटच्या, कुणाच्या तरी कपाटातल्या व्हीएचएसच्या, की छायाचित्रकाराच्या आठवणीच्या?

सिनेमाच्या बाकीच्या भागाला हा प्रश्न फारसा पडत नाही. निगेटिव्ह जागेवर असलं की ते स्कॅन करायचं. रक्ताच्या प्रसंगांचं तसं नाही. अमेरिकेत एक्स, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, प्रमाणपत्र मिळालं की बरीच वर्तमानपत्रं जाहिरात छापत नसत, बरीच थिएटरं चित्रपट लावत नसत. म्हणून निर्माता आर, म्हणजे त्याहून सौम्य प्रमाणपत्र, मिळेपर्यंत कापत जायचा, आणि कात्री चालायची ती नेमकी याच फ्रेम्सवर. कापलेला तुकडा मूळ चित्रपटापासून वेगळा झाला की त्याची जपणूक करायला कुणी उरत नाही.

६ जुलै

आषाढीचा रविवार, आईचा उपास, माझं डिस्क धुंडाळणं. घरातल्या आणि मित्रांकडच्या मिळून बऱ्याच निघाल्या. साध्या ब्लू-रेची नेहमीची अडचण: आपण रीजन सीमध्ये, अमेरिका ए, ब्रिटन बी. माझा प्लेअर सगळे रीजन घेतो, क्लबचा घेत नाही. ४के डिस्कना रीजनची भानगडच नसते, पण त्यांची वेगळी डोकेदुखी आहे. प्रोजेक्टरची चाचणी घेताना बघू.

९ जुलै

सुरुवात 'ड्रॅक्युला'पासून. हॅमर या ब्रिटिश कंपनीचा, १९५८, दिग्दर्शक टेरेन्स फिशर, छायाचित्रण जॅक अॅशर. इंग्लंडमधल्या ब्रे स्टुडिओत चित्रित झालेला. शेवटी उन्हात ड्रॅक्युलाची राख होते, तो प्रसंग ब्रिटिश सेन्सॉरने कापला होता. जपानला याहून तिखट आवृत्ती गेली होती, असं चाहते वर्षानुवर्षं म्हणत. अशा वावड्या भयपटांच्या जगात ढिगाने असतात आणि दहातल्या नऊ पोकळ निघतात.

ही खरी निघाली. २०११मध्ये तोक्योच्या नॅशनल फिल्म सेंटरमध्ये तिथली प्रिंट तपासली गेली. १९८४च्या आगीत सुरुवातीची रिळं गेली होती, पण नऊपैकी सहा ते नऊ ही चार वाचली होती. हवं ते नेमकं शेवटच्या रिळात होतं.

आज त्या प्रसंगाची पहिली जुळणी केली. एका बाजूला जुनी डीव्हीडी, दुसऱ्या बाजूला २०१३चा ब्रिटिश ब्लू-रे. या ब्लू-रेमध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं २००७चं रिस्टोरेशन आणि तोक्योचे तुकडे एकत्र केलेत.

१२ जुलै

'ड्रॅक्युला'चा शेवट आज फ्रेम बाय फ्रेम बघितला. पीटर कुशिंग लांबलचक मेजावरून धावत जाऊन खिडकीच्या पडद्यावर झेप घेतो, पडदा फाटतो, उजेड आत घुसतो. ड्रॅक्युलाचा पाय उन्हात सापडतो. कुशिंग दोन मेणबत्तीदाण्यांची फुली करून त्याला उजेडात रेटतो. जुन्या डीव्हीडीवर इथून आपण जवळजवळ थेट राखेवर पोचतो. ब्लू-रेवर मधल्या जागी ड्रॅक्युला झालेला ख्रिस्तोफर ली स्वतःच्या चेहऱ्यावर हात ओढतो आणि बोटांबरोबर कातडी सुटून येते. काही सेकंदांचाच मामला, पण प्रसंगाचा अर्थ बदलतो. आधी ऊन त्याला मारत होतं. आता तो स्वतःच स्वतःला सोलतो आहे.

प्रिंट म्हणजे निगेटिव्हपासून काही पिढ्या पुढची प्रत. प्रत्येक पिढीत काळोखातला तपशील थोडा बुजतो, कडा टणक होतात. त्यामुळे जोड ओळखू येतो. रिस्टोरेशन करणाऱ्यांनी बाजूच्या शॉट्सशी रंग जुळवलाय, पण ओढूनताणून नाही. मला हे पटतं. पूर्ण गुळगुळीत केलं असतं तर हा तुकडा तोक्योहून आला हे सांगणारी एकमेव खूण पुसली गेली असती.

रंगावरून या डिस्कवर बरीच टीका झाली, निळसर छटा जास्त आहे म्हणून. टीका रास्त आहे. अॅशरच्या प्रकाशयोजनेतला लाल आणि जांभळा त्या निळ्यात थोडा गुदमरतो.

या डिस्कवरचा सगळ्यात मोलाचा ऐवज मात्र मुख्य चित्रपट नाही. जोडचित्रफितींमध्ये जपानी रिळं, सहा ते नऊ, जशी सापडली तशी सलग दिलीत, ओरखड्यांसकट. निकालाबरोबर पुरावाही हातात देणाऱ्या डिस्क थोड्याच.

१५ जुलै

ऑफिसात आज एका जुन्या मारधाडपटाचं काम होतं, भयपट नव्हे, पण इथे उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो.

धूळ काढणारं सॉफ्टवेअर साध्या तर्कावर चालतं. एखादा ठिपका मागच्या फ्रेममध्ये नाही, पुढच्या फ्रेममध्ये नाही, फक्त मधल्या फ्रेममध्ये आहे? मग तो कचरा. आता रक्ताची चिळकांडी डोळ्यासमोर आणा. वेगाने उडणारा थेंब एका जागी एकाच फ्रेमपुरता असतो. यंत्राला तो धुळीचा कणच वाटतो. ऑटो पास, म्हणजे आपोआप सफाई, जोरात लावला तर चिळकांडीची धार राहते, भोवतीचे बारीक थेंब गायब होतात आणि प्रसंग विचित्र कोरडा वाटू लागतो. पाऊस, ठिणग्या, फुटणारी काच, सगळ्यांची हीच गत.

उपाय कंटाळवाणा आहे: त्या शॉटवर हाताने मास्क, म्हणजे राखीव भागाची हद्द, काढायचा, ऑटो पास मास्कच्या बाहेर चालवायचा आणि आतली खरी धूळ एकेक करून पेंट करायची. कुठला ठिपका रक्ताचा आणि कुठला धुळीचा हे शेवटी डोळ्यांनीच ठरवावं लागतं. रक्ताच्या थेंबाला हालचालीची शेपटी असते, धुळीला नसते. घाईच्या कामात हे कुणी करत नाही. सत्रात यावर दोन मिनिटं बोलायचंच.

१९ जुलै

रक्त बनवलं. खरंच.

मेकअपमधला मोठा माणूस डिक स्मिथ. त्याची कृती या क्षेत्रात सगळ्यांना पाठ: कॉर्न सिरप, खायचा लाल रंग, थोडा पिवळा, टिकावं म्हणून मिथाइलपॅराबेन, अपारदर्शक व्हावं म्हणून झिंक ऑक्साइड, आणि कोडॅकचं फोटो-फ्लो. फोटो-फ्लो म्हणजे फिल्म धुतल्यावर पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून वापरायचं द्रावण. त्यामुळे रक्त कापडात नीट मुरतं, कातडीवर मोत्यासारखं गोळा होत नाही. पण ते विषारी, तोंडात घ्यायच्या रक्तात चालत नाही. 'ईव्हिल डेड' या भयपटाच्या मंडळींकडे पैसा नव्हता, त्यांनी सिरपमध्ये कॉफी घालून रंग गडद केला.

माझ्याकडे केकचं सामान मिळतं त्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज, लाल आणि पिवळा रंग, इन्स्टंट कॉफी. फोटो-फ्लोऐवजी भांड्याच्या साबणाचा थेंब. तीन नमुने केले: नुसता लाल, लाल अधिक पिवळा, लाल अधिक पिवळा अधिक कॉफी. पांढऱ्या टाइलवर ओघळ सोडले, आधी पिवळ्या बल्बखाली फोटो काढले, मग एलईडीखाली.

नुसता लाल रंग डोळ्यांना ठीक वाटतो, कॅमेऱ्यात गुलाबीकडे झुकतो, सरबतासारखा. पिवळा घातला की रक्त 'बसतं'. कॉफीचा नमुना पातळ थरात तपकिरी, जाड थरात जवळजवळ काळा, आणि खऱ्याच्या सगळ्यात जवळचा. दिव्याचा फरक माझ्या अपेक्षेहून मोठा निघाला. बल्बखाली तिन्ही नमुने एकमेकांचे भाऊ वाटतात, एलईडीखाली पहिला एकदम परका.

आई स्वयंपाकघरात आली, टाइलकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "तो चमचा परत डब्यात टाकू नकोस." संध्याकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागली.

२० जुलै

कालच्या टाइलमुळे 'डॉन ऑफ द डेड'चा मुद्दा सोपा झाला. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो, १९७८, पेनसिल्व्हेनियातला मनरोव्हिल मॉल, मेकअप टॉम साव्हिनी. यातलं रक्त ३एम कंपनीचं तयार मिळणारं होतं. प्रत्यक्ष चांगलं दिसायचं, फिल्मवर मात्र भडक, रंगपेटीतल्या लालसारखं उतरलं. साव्हिनीला ते कधीच आवडलं नाही. रोमेरोचं म्हणणं, चित्रपटाचा बाज कॉमिकचा आहे, शोभतं.

आजच्या ग्रेडिंगच्या, म्हणजे रंग ठरवायच्या, सॉफ्टवेअरमध्ये हा लाल 'दुरुस्त' करणं दोन मिनिटांचं काम. फक्त लाल भाग निवडायचा, तो थोडा पिवळ्याकडे ढकलायचा, चमक उतरवायची. आणि हेच करायचं नाही. चूक चित्रीकरणाच्या दिवशी झाली, प्रेक्षकांनी १९७८मध्ये तीच बघितली, दिग्दर्शकाने ती स्वीकारली. आता ती चित्रपटाचा भाग झाली. सेकंड साइट या ब्रिटिश कंपनीच्या २०२०च्या संचात ती तशीच ठेवली आहे, रक्त रंगपेटीतल्या लालसारखंच.

या संचातली दुसरी कामाची गोष्ट म्हणजे तिन्ही आवृत्त्यांचे तीन वेगळे स्रोत. अमेरिकेत लागलेली १२७ मिनिटांची आवृत्ती मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून. कान महोत्सवाच्या नावाने ओळखली जाणारी लांब आवृत्ती निगेटिव्ह आणि कलर रिव्हर्सल इंटरनिगेटिव्ह यांच्या मिश्रणातून. आणि इटालियन दिग्दर्शक दारिओ अर्जेंटोने युरोपसाठी संकलित केलेली दोन तासांची, इंटरपॉझिटिव्हवरून, म्हणजे निगेटिव्हवरून काढलेल्या मधल्या नकलेवरून. रिव्हर्सल इंटरनिगेटिव्ह ही त्या काळची काटकसर. दोन पायऱ्यांऐवजी एकीत नक्कल निघायची, पण तिचे रंग टिकाऊ नव्हते. म्हणजे कान आवृत्ती एक, साक्षीदार दोन.

क्लिप म्हणून मॉलमधला हल्लेखोर टोळीचा भाग घेतला. तिथे रक्त भरपूर, मागे दुकानांचे दिवे, आणि झॉंबींच्या निळ्या-करड्या चेहऱ्यांवर तो लाल नुसता ओरडतो.

२५ जुलै

'माय ब्लडी व्हॅलेंटाईन', कॅनडा, १९८१. नोव्हा स्कोशियातल्या सिडनी माइन्सच्या खऱ्या कोळसाखाणीत चित्रीकरण. दिग्दर्शक जॉर्ज मिहाल्का यांचं म्हणणं असं, की डिसेंबर १९८०मध्ये जॉन लेननचा खून झाला, पडद्यावरच्या हिंसेविरुद्ध वातावरण तापलं आणि त्यांच्या चित्रपटाला कात्री लागली. चित्रपट पुढच्या फेब्रुवारीत थिएटरात आला तेव्हा खून होते, पण खुनांचे परिणाम नव्हते. कुदळ उगारली जाते, कट, पुढचा प्रसंग.

२००९मध्ये लायन्सगेटने डिस्क काढली तेव्हा सुमारे तीन मिनिटं परत आली. एकूण कापलेलं याहून बरंच जास्त होतं असं मिहाल्का सांगतात.

ही क्लिप माझ्या रिळाचा कणा. कारण जोड लपत नाही. बारटेंडरच्या हनुवटीखालून कुदळ घुसते तो शॉट घ्या. आधीची फ्रेम स्वच्छ, रंग भरलेले. पुढच्या फ्रेमपासून ओरखडे, फिकट रंग, वेगळा ग्रेन, म्हणजे फिल्मचा दाणेदारपणा. मग परत स्वच्छ. डोळ्याला आपोआप कळतं: हा भाग एवढी वर्षं कुठेतरी अंधारात पडून होता.

क्लबमधल्या एकाला हे खटकलं. "लक्ष विचलित होतं, सारखं करता आलं नसतं का?" करता आलं असतं. दोन पद्धती आहेत: खराब भाग वर आणायचा किंवा चांगला भाग खाली आणायचा. खराब भाग जेवढा वर येतो तेवढा आणावाच, ओरखडे पुसावेत, रंग जुळवावा. पण त्यानंतरही फरक उरतो, आणि तो मिटवायला चांगल्या भागावर कृत्रिम ग्रेन टाकणं किंवा सगळ्यावर सारखी साय फासणं म्हणजे शाबूत निगेटिव्हचं नुकसान. सेन्सॉरने तीन मिनिटं घेतली म्हणून उरलेल्या सगळ्या चित्रपटाने शिक्षा का भोगायची?

२८ जुलै

आणि जेव्हा फिल्मचा तुकडाही उरत नाही?

'फ्रायडे द थर्टीन्थ'चा दुसरा भाग, १९८१, दिग्दर्शक स्टीव्ह मायनर. कापलेला भाग कायमचा गेला असंच सगळे धरून चालले होते. २०२०मध्ये स्क्रीम फॅक्टरी या डिस्क कंपनीचा मोठा संच आला, त्यात तो निघाला. मेकअप करणाऱ्या कार्ल फुलर्टनकडे एक व्हीएचएस होती, त्यावर. आवाज नाही. स्वतःची करामत दाखवायला म्हणून ठेवलेली टेप चित्रपटाच्या इतिहासाची एकमेव साक्षीदार ठरली.

मुख्य चित्रपटात ते शॉट्स घातलेले नाहीत, वेगळी चित्रफीत म्हणून दिलेत. योग्य केलं. 'ड्रॅक्युला'त प्रिंट होती, 'व्हॅलेंटाईन'मध्ये फिल्मचे तुकडे. दोन्हींचं द्रव्य मूळ चित्रपटाचंच. व्हीएचएस ही वेगळी जात. तिला मूळ चित्रपटात शिवलं तर ठिगळच दिसणार.

व्हीएचएसवर रक्तच का सगळ्यात वाईट दिसतं, यासाठी एक छोटी पाटी बनवली. व्हिडिओत उजेड-अंधाराची माहिती वेगळी साठते, रंगाची वेगळी. चित्राची बारकाई उजेडाच्या भागात असते. व्हीएचएसवर रंगाची बारकाई त्याच्या एका छोट्या हिश्शाएवढीच. आता उजेडात प्रत्येक रंगाचा वाटा किती? जुन्या व्हिडिओच्या सूत्रात हिरव्याचा ५९ टक्के, लालचा ३०, निळ्याचा ११. म्हणजे शुद्ध लाल रंग उजेडाच्या भागात जेमतेम उमटतो आणि जवळजवळ सगळा रंगाच्या भागात जातो, जिथे बारकाई नाहीच. म्हणून गवत नीट दिसतं आणि जखम म्हणजे कडेने पसरलेला लाल ढग. टेपच्या पिढीगणिक हा ढग आणखी सरकत जातो.

डिस्कवरही हा आजार थोडा उरतोच. ब्लू-रे काय, ४के काय, दोन्हींवर रंगाची माहिती आडवी निम्मी, उभी निम्मी. लाल कडा जवळून बघा, पायऱ्या दिसतात.

२ ऑगस्ट

'सुस्पिरिया'. दोन संध्याकाळी यातच गेल्या, आणि अजून एक जाईल.

आधी गैरसमज दूर करायचा. दारिओ अर्जेंटोचा हा १९७७चा चित्रपट जुन्या तीन-फिल्मच्या टेक्निकलर कॅमेऱ्यावर चित्रित झाला, असं सर्रास लिहिलं जातं. झाला नाही. कॅमेऱ्यात साधी ईस्टमन फिल्म होती. टेक्निकलर होती ती प्रिंट काढायची पद्धत: निगेटिव्हपासून तीन साचे काढायचे, प्रत्येक साचा आपापल्या रंगात बुडवायचा आणि कोऱ्या फिल्मवर एकामागून एक दाबायचा. कापडावर ठशांनी छपाई करतात तसंच. हॉलीवूडमध्ये ही पद्धत सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बंद पडली. रोमच्या लॅबमध्ये अजून चालू होती, म्हणून 'सुस्पिरिया'ला ती मिळाली.

त्यामुळे पंचाईत अशी, की मूळ निगेटिव्ह हातात असूनही ते पुरेसं नाही. निगेटिव्हमध्ये चित्र आहे, पण थिएटरात दिसला तो लाल नाही. तो छपाईत जन्माला आला. निगेटिव्ह सरळ स्कॅन केलं तर आजच्या चित्रपटासारखा बरा, शहाणा रंग निघेल, आणि तो खोटा असेल.

छायाचित्रकार लुचानो तोवोली यांनी रंगीत प्रकाशासाठी मखमल आणि पातळ कागद ताणलेल्या चौकटी कलाकारांच्या चेहऱ्याजवळ आणल्या होत्या. रंग भिंतीवरून परतून येत नाही, थेट गालावर बसतो. पहिल्याच खुनाच्या प्रसंगात हे सगळं एकत्र येतं: गुलाबी-लाल भिंती, फुटणारी रंगीत काच, आणि उघड्या छातीत धडधडणाऱ्या हृदयात शिरणारा सुरा. रक्त घट्ट, चकचकीत, ऑइलपेंटसारखं. खरं वाटावं असा प्रयत्नच नाही.

तुलनेला दोन मास्टर, म्हणजे डिस्कसाठी तयार केलेल्या मूळ प्रती, घेतले. एक आधीचं हाय-डेफिनिशन, युरोपातल्या जुन्या ब्लू-रेंवरचं. कॉन्ट्रास्ट इतका चढवलेला की पांढरं फाटतं, आणि लालमधल्या छटा एका सपाट पट्टीत दबतात. दुसरं अमेरिकेतल्या सिनॅप्स कंपनीचं २०१७चं: निगेटिव्हचं ४के स्कॅन, काही वर्षांची मेहनत, आणि रंग तोवोलींनी स्वतः बघून मान्य केलेला. इंग्रजीचा मूळ चार-ट्रॅकचा ध्वनीही त्यावर आहे. थिएटरात ऐकला तसा.

व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे कुठला रंग किती गडद ते दाखवणाऱ्या आलेखावर, दोन्ही एकामागे एक ठेवले. जुन्यात लालचा काटा कडेला जाऊन आपटतो आणि तिथेच चिकटतो. नव्यात तो तेवढाच लांब जातो, पण वाटेत पसरतो: भिंतीचा लाल वेगळा, ओठांचा वेगळा, रक्ताचा वेगळा. डोळ्यांना नुसतं 'जास्त छान' वाटतं. स्कोपवर कारण दिसतं.

आता साक्षीचा प्रश्न. इथे मुख्य साक्षीदार म्हणजे चाळीस वर्षांनंतरची एका माणसाची आठवण. आठवण घसरते, वयाबरोबर आवड बदलते, काही छायाचित्रकार जुन्या चित्रपटाला नव्या चष्म्यातून रंगवतात, हे सगळं खरं. म्हणून सही पुरत नाही, तिच्याशेजारी टेक्निकलरची जुनी प्रिंट ठेवून बघावं लागतं. सुदैवाने त्या प्रिंट फिकट पडत नाहीत.

३ ऑगस्ट

कालच्या शेवटच्या वाक्याला पुरवणी. त्या काळातल्या साध्या ईस्टमनकलर प्रिंटमध्ये आधी निळसर-हिरवा रंग उडतो, मागोमाग पिवळा, आणि उरते एक सरसकट गुलाबी. कमी फिकट होणारी प्रिंट फिल्म ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आली. जुन्या चाहत्यांना आठवणारे कित्येक भयपट अशा गुलाबी प्रिंटवरचे. सगळीच फ्रेम लाल झाल्यावर रक्त दिसणार कुठे? एक नमुना रिळात टाकला, पंधरा सेकंद बास.

७ ऑगस्ट

दोन छोट्या क्लिप्स, दोन्ही भरभर.

'सायको', १९६०. कृष्णधवल, न्हाणीघरातलं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. जर्मन टीव्हीवरच्या प्रतीत काही जादा क्षण आहेत हे चाहत्यांना माहीत होतं. २०२०च्या ४के संचात ते अधिकृतपणे आले. नॉर्मनच्या हातावरचं रक्त जरा जास्त वेळ दिसतं, डिटेक्टिव्हवर सुऱ्याचे घाव वाढतात. एकूण काही सेकंद.

'टॅक्सी ड्रायव्हर', १९७६. भयपट नाही, पण लालच्या चर्चेत हवाच. शेवटच्या गोळीबाराला एक्स मिळू नये म्हणून स्कॉर्सेसींनी त्या भागाचा रंग उतरवला, रक्त तपकिरी झालं. २०११च्या रिस्टोरेशनमध्ये तो भाग उतरलेल्या रंगातच ठेवला. इथे साक्षीदार म्हणजे प्रदर्शित झालेला चित्रपट. तडजोड का असेना, ती दिग्दर्शकाने स्वतःच्या हाताने केली.

११ ऑगस्ट

ग्रुपवर अपेक्षित प्रश्न आला: आपलं काही नाही का? रामसे?

आहे, पण या रिळात बसत नाही. रामसे बंधूंच्या भयपटांची सुरुवात महाबळेश्वरला कुटुंबच युनिट करून काढलेल्या १९७२च्या चित्रपटाने झाली. 'पुराना मंदिर' १९८४चा. भीतीचा भार त्यांनी मुखवट्यावर, धुरावर, निळ्या-हिरव्या दिव्यांवर आणि अनिरुद्ध अगरवालच्या चेहऱ्यावर टाकला. रक्त तुलनेने बेताचंच. घरी बघण्याच्या बाबतीत मात्र चपराक बसावी अशी गोष्ट आहे. इथे हे चित्रपट व्हीसीडीवर कसेबसे मिळत होते तेव्हा मोंडो मॅकाब्रो या परदेशी कंपनीने त्यांचा डीव्हीडी संच काढला. वेगळं सत्र हवं. नोंद करून ठेवली.

१३ ऑगस्ट

ब्रिटनची पाटी तयार. तिथे व्हिडिओ कॅसेटवरच मोठं रान उठलं होतं. थिएटरात प्रसंग एकदा दिसून जातो. घरी पॉझ आणि रिवाइंड, तेही पोरांच्या हातात, ही धास्ती. सरकारी वकिलांच्या यादीत ७२ नावं, त्यातल्या ३९ चित्रपटांवर खटले यशस्वी झाले. १९८४चा कायदा येऊन व्हिडिओलाही प्रमाणपत्र सक्तीचं झालं. 'ईव्हिल डेड' या यादीत होता. ब्रिटनमध्ये तो अखंड बघायला मिळाला २००१मध्ये.

याचा रिस्टोरेशनशी थेट संबंध आहे. कापलेल्या कॅसेटवर वाढलेली पिढीच पुढे डिस्कच्या कंपन्यांची गिऱ्हाईक झाली. एवढ्या छोट्या चित्रपटांवर एवढा खर्च परवडतो तो त्यांच्याच जिवावर.

१६ ऑगस्ट

दहीहंडीचा गोंगाट, त्यातच प्रोजेक्टरची चाचणी. अपेक्षेप्रमाणे ४केची डोकेदुखी. क्लबचा प्रोजेक्टर साधा. एचडीआर, म्हणजे उजेड-रंगांचा जास्त पल्ला असलेलं, चित्र दिलं की सगळं मळकट, आणि लाल एका पातळीनंतर थिजतो. 'सुस्पिरिया'च्या भिंती आणि रक्त एकच होतात, म्हणजे जे दाखवायचं तेच नाहीसं. निर्णय: पडद्यावर सगळ्या क्लिप्स साध्या ब्लू-रेवरून. ४केचा फरक बघायचा असेल त्यांनी माझ्या लॅपटॉपभोवती जमावं.

१९ ऑगस्ट

पावसाने मुंबई ठप्प. घरी बसून 'सुस्पिरिया'चा स्कोपचा भाग संपवला. वीज दोनदा गेली. रिळाची प्रत दोन ड्राइव्हवर टाकून ठेवली.

२२ ऑगस्ट

क्रम पक्का: रक्ताची टाइल, 'डॉन', 'ड्रॅक्युला', 'व्हॅलेंटाईन', व्हीएचएसची पाटी आणि 'फ्रायडे', ब्रिटन, 'सुस्पिरिया', शेवटी 'टॅक्सी ड्रायव्हर'. 'सायको' वगळला. क्लिप चांगली आहे, पण वेळ खाते आणि लालविषयी काहीच सांगत नाही. गुलाबी प्रिंटचा नमुना 'सुस्पिरिया'च्या आधी.

क्लिप्सच्या रंगाची पातळी एकमेकांशी जुळवू का, असं संकलनात मदत करणाऱ्या मित्राने विचारलं. नको म्हणालो. प्रत्येक डिस्क आहे तशी.

आत येतानाच पाटी लावायची: रक्त आहे, भरपूर आहे, लहान मुलांना आणू नये. क्लबच्या काकांनी विचारलं, चहा-वडा मध्यंतरात ठेवू की आधी? आधीच ठेवा म्हटलं.

२४ ऑगस्ट

सत्र झालं. सगळ्यात जास्त प्रश्न 'सुस्पिरिया'वर येतील असं धरून चाललो होतो, आले 'व्हॅलेंटाईन'वर. जोड दाखवावा की लपवावा यावर मागच्या रांगेतले दोघे माझ्याशी कमी आणि एकमेकांशी जास्त भांडले. त्यातला एक विवाहसोहळ्यांच्या व्हिडिओचं काम करतो. त्याचा मुद्दा वजनदार होता: घरी बघणारा माणूस डिस्क विकत घेतो ती गोष्ट बघायला, फिल्मची तब्येत तपासायला नव्हे. मी म्हटलं, म्हणूनच डिस्कवर दोन्ही वाटा हव्यात, थिएटरची आवृत्ती वेगळी आणि भर घातलेली वेगळी, निवड बघणाऱ्याची. २००९च्या डिस्कवर तशी सोय आहेच. तो पुरता पटला नाही.

एका काकूंनी विचारलं, तोक्योची ती रिळं नुसती, सलग, बघायला मिळतील का? मिळतील, डिस्कवर आहेत. चार रिळं, पाऊण तासाच्या आतच. सप्टेंबरच्या बैठकीत तीच लावायची ठरलं. डिस्क रीजन बी, तेव्हा प्लेअर माझाच न्यावा लागणार.